मुहूर्ताची पाकिटं

आमच्या ह्यांना मिशी आहे ही गोष्ट माझ्या नोकरीच्या आड येईल, असं लग्न ठरताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पुढे कधीतरी आमच्या कारखान्याच्या मालकांना पुरुषांसाठी चेहऱ्याचा ओला मास्क बाजारात आणायची हुक्की आली आणि मोजमापाला घरात तोच एक पुरुषी चेहरा होता. एका रविवारी सकाळी नौपाड्यातल्या आमच्या घरात मी त्यांना आरामखुर्चीत आडवं केलं, वर्तमानपत्र गोल कापून डोळ्यांना, नाकाला, तोंडाला भोकं पाडली आणि तो कागद भिजवून त्यांच्या तोंडावर पसरला. मिशीवर काही तो बसेना. मी बोटांनी दाबून दाबून बसवत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि वाटी तशीच घेऊन परत गेल्या. पुढे आठवडाभर जिन्यात भेटल्या की त्या ह्यांची तब्येत विचारायच्या.

पुरुषांचा मास्क काही आला नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे मला कुणी ‘काय काम करता?’ असं विचारलं की उत्तर आमचे हेच देतात, ‘लोकांची तोंडं पुसते.’

तसं ते खरंच आहे. रसायनशास्त्र शिकून मी कोलशेतच्या एका लहानशा कारखान्यात लागले आणि गेल्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. आम्ही ओले वाइप्स आणि चेहऱ्याचे मास्क बनवायचो. पाकिटावर नाव दुसऱ्यांचं, आतला माल आमचा. तुमच्यापैकी कुणी मेकअप पुसायला, बाळाचं अंग पुसायला असं पाकीट उघडलं असेल, तर माझी तुमची ओळख आहे असं समजायला हरकत नाही.

ओलं फडकं पाकिटात घालायचं, यात शोध कसला लावायचा, असं माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटायचं. मी त्यांना म्हणायचे, आज एक ओलं फडकं डब्यात बंद करा आणि पंधरा दिवसांनी झाकण उघडून वास घ्या. सगळी गोम तिथेच आहे. पाणी आलं की जिवाणू आणि बुरशी आलीच. ती वाढू नये म्हणून पाण्यात औषध घालावं, तर कापड ते औषध स्वतःच पिऊन बसतं. आम्ही पाणी तपासायचो, ते उत्तम निघायचं. तेच पाणी कापडात मुरवून महिन्याने उघडलं की काळे ठिपके. अकरा वेळा असं झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तपासायचं ते पाणी नव्हे, कापड. आज हे कुणीही सांगेल, पण तेव्हा आम्हाला सांगायला कुणी नव्हतं.

मास्कची तऱ्हा वेगळी. तो कापायचे साचे बाहेरदेशातून आलेले. त्यातून निघालेला मास्क आमच्या बायकांना लावला की डोळ्यांची भोकं भुवयांवर यायची आणि नाकाची पट्टी थेट चमकीत अडकायची. मंदा म्हणजे आमच्या पॅकिंगची मुख्य बाई, बाळकुमची. तिने चमकी काढायला साफ नकार दिला. म्हणाली, “मॅडम, फडक्यासाठी मी चमकी काढू, की चमकीसाठी तुम्ही फडका कापाल?” मी फडकं कापलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चीर दिली आणि तो साचा आमच्याकडे कायमचा झाला. माझ्या नावावर पेटंट वगैरे काही नाही, पण ती चीर माझी आहे. म्हणजे खरं तर मंदाची.

मात्र ज्या गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे ती चेहऱ्याची नव्हे, पाठीची. मंदाच्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मंदा कारखान्यातून बाळांचे वाइप्स न्यायची आणि एकदा मला म्हणाली, की म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला ते पुरत नाहीत, एक पुसून होईपर्यंत दुसरं वाळतं. त्यातून आम्ही पंचाएवढा मोठा, जाड, बिनवासाचा वाइप बनवला. पाकीट गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं आणि आतल्या कोमट पंच्याने माणसाचं अंग पुसून काढायचं, की अंघोळ घातल्यासारखं होतं. म्हातारी कातडी पातळ असते, चुरचुरते, म्हणून औषध अगदी बेताचं ठेवलं होतं. इतकं बेताचं, की बाकी स्वच्छतेत तसूभर चूक चालणार नव्हती. हे मी सगळ्यांना बजावत असे. केसांची जाळी नीट नसेल तर मी बायकांना दारातून परत पाठवलेलं आहे.

तर त्याच मॅडमने काय करून ठेवलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचे मालक जनार्दनशेठ. कोलशेतच्याच जुन्या आगरी घरातले. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती. ती गेली, जमिनीवर गाळे उभे राहिले आणि त्यातल्या दोन गाळ्यांत शेठनी हा कारखाना घातला. मीठ गेलं तरी मिठाचे रिवाज त्यांच्याकडे राहिले होते. हंगामातली मिठाची पहिली पाटी घरात ठेवायची नाही, त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकायची, नाहीतर वर्षभर मीठ भिजतं, असं त्यांचे वडील सांगायचे. शेठनी ती पाटी दसऱ्याला आणून बसवली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, दसऱ्याला सकाळी मुहूर्ताचा माल, आणि तो त्याच दिवशी दान म्हणून फाटकाबाहेर.

एरवी माझा नियम असा, की तयार मालातले नमुने काढायचे, बशीतल्या खळीसारख्या थरावर लावून उबेच्या कपाटात ठेवायचे आणि पाच दिवस काही उगवलं नाही तरच माल सोडायचा. या पाच दिवसांवरून मी शेठशी भांडलेय, टेम्पोवाल्याशी भांडलेय, एकदा तर दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या गिऱ्हाइकाला फोनवर खडसावलंय. पण मुहूर्ताच्या मालाला मी सूट दिली होती. दरवर्षी थोडासा तर माल, दरवर्षी काहीच निघत नाही, आणि शेठचं मन कशाला मोडा.

त्या वर्षी मुहूर्ताला मोठे वाइप्स काढायचे ठरले. ठाकुर्लीला अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा करणारं एक केंद्र आहे, तिथे आमचा माल नेहमी जायचा. तिथेच ते द्यायचे होते. खंडेनवमीला दुपारी पूजा झाली. कारखान्यात वयाने मोठी मी, म्हणून हळदीकुंकू वाहायचा मान माझा. वाइप भिजवणाऱ्या यंत्राला चार तोट्या आहेत, त्यांतून पाणी कापडावर पडतं. मी चारही तोट्यांना ओलं हळदीकुंकू लावलं, प्रत्येकीला एकेक झेंडूचं फूल अडकवलं आणि आंब्याच्या डहाळीने वरून कलशातलं पाणी शिंपडलं. छान दिसत होतं, मी फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा स्पिरिटची बाटली आणि फडकं घेऊन यंत्रापाशी उभी होती. तिने विचारलं, “मॅडम, तोट्या पुसून घेऊ ना?”

मी म्हणाले, “फुलं काढ फक्त. दसऱ्याच्या दिवशी पूजेचं हळदीकुंकू पुसतात का कुणी?”

ज्या कारखान्यात दिवसाला हजारो फडकी पुसण्यासाठीच तयार होतात, तिथे तोट्या पुसायच्या राहिल्या त्या अशा. पहिल्या वीसेक पाकिटांतल्या कापडावर पिवळसर झाक आली. ती आम्ही बाजूला काढली, पुढची स्वच्छ पांढरी निघाली आणि मी समाधान मानलं. नमुने सवयीने काढून कपाटात ठेवले. माल सुटल्याच्या कागदावर सही केली. दुपारी शेठ स्वतः टेम्पोबरोबर ठाकुर्लीला जाऊन खोके देऊन आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. सगळ्या बशांवर हिरवट, चकचकीत थर चढला होता. एकाही बशीत कोरी जागा नव्हती. असले जिवाणू धडधाकट माणसाचं फारसं वाकडं करत नाहीत. पण पाठीला जखम झालेल्या, ऐंशी वर्षांच्या, हलता न येणाऱ्या माणसाच्या जखमेत ते गेले तर माणूस दगावू शकतो. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मीच दरवर्षी नव्या बायकांना ते शिकवायचे.

मी केंद्रात फोन लावला. सिस्टर फेरीवर होत्या, फोन एका मावशींनी घेतला. मोठे वाइप्स वापरताय का, असं विचारलं तर त्या कौतुकाने म्हणाल्या, “हो, वापरतोय की. आत्ताच दोघांना पुसलं. लई बरं पडतं.” वापरू नका, मी येतेय, एवढंच मला बोलता आलं, आणि त्यांना ते कितपत कळलं देव जाणे.

शेठ बाहेर चहा पीत होते. मी कपाटातली बशी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी कप खाली ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. बाळकुम, कशेळी, पुढे माणकोलीच्या नव्या पुलावरून डोंबिवली आणि मग ठाकुर्ली, असे निघालो. वाटेत शेठ एकदाच बोलले, “मॅडम, पहिल्या पाटीचा हट्ट माजा. तुमचा दोष नाय.” मी म्हणाले, की पाटी तुमची, पण तोट्या माझ्या. पुलावर वाहतूक थांबली होती. मी खाली खाडीकडे बघत बसले आणि उगाच एक एक चेहरा आठवायला लागले, कारण त्या केंद्रात मी अनेकदा गेलेली होते. पंचा कसा वापरायचा ते मीच तिथल्या मावशींना दाखवलं होतं.

मेघना सिस्टर दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, करड्या, कुणाला उगाच हसून न दाखवणाऱ्या. मी काय सांगतेय ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला कोठीत नेलं. आमचे दसऱ्याचे सगळे खोके भिंतीशी रचलेले होते. चिकटपट्ट्याही काढलेल्या नव्हत्या.

“मावशी पुसत होत्या ते?” मी विचारलं.

“ते मागच्या महिन्यातले. अजून दोन खोके आहेत त्यातले. आधीचं संपल्याशिवाय नवीन कशाला फोडू?”

मी तिथेच तांदळाच्या डब्यावर बसले आणि रडले. लाज वाटावी असं रडले. आधीचं संपल्याशिवाय नवीन काढायचं नाही, हे आपल्याकडे प्रत्येक घरात आई सांगते आणि प्रत्येक मुलगी त्यावर वैतागते. त्या दिवशी मला ते जगातलं सगळ्यात मोठं शास्त्र वाटलं. सिस्टरनी पाणी आणून दिलं. शेठ दाराला टेकून उभे होते, तेही डोळे पुसत होते.

खोके गाडीत चढवताना शेठ एकदम थांबले. “मॅडम,” ते म्हणाले, “दसऱ्याला फोटू काढला तवा एक पाकीट मी खोक्यातून काढून एका आजीच्या हातात दिलतं.”

सिस्टरना आठवलं. त्या दुर्गाआजी, खिडकीजवळची खाट. पाठीला जखम होती आणि नुकती कुठे भरून येत होती. सिस्टरचा चेहरा पहिल्यांदाच बदलला आणि त्या माझ्यापुढे चालायला लागल्या.

दुर्गाआजींनी उभा जन्म कल्याणात बालवाडी चालवली होती. आवाज अजून खणखणीत होता. मी पाकिटाचं विचारलं तर त्यांनी उशीखाली हात घातला आणि ते काढून दाखवलं. बंद होतं, एक कोपरासुद्धा फाटला नव्हता. वर सुतळीही बांधली होती. मी हात पुढे केला तसं त्यांनी ते छातीशी घेतलं.

“हे नातसुनेला द्यायचंय,” त्या म्हणाल्या. “भाऊबीजेला येणार आहे ती. इतकं चांगलं पाकीट मी माझ्या पाठीला कशाला फोडू?”

सिस्टर म्हणाल्या, आजी, ते खराब आहे, परत द्या. आजी काही बधल्या नाहीत. दिलेली वस्तू परत मागायला येतात म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न, आणि रोख सगळा शेठवर. शेठ दुसरं देतो म्हणाले तर आजी म्हणाल्या, मग ते दुसरं आधी आणा. खराब म्हणजे काय खराब? वास येतो? फाटलंय? काही सबब सांगून वेळ मारून नेता आली असती. तारीख उलटलीय म्हटलं असतं तर त्यांना पटलंही असतं. पण खाटेपाशी उभी राहिल्यावर मला ते जमेना.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं, “आजी, पाकीट मी केलंय. माझ्या हातून चूक झाली. यंत्र पुसायचं होतं, मी पुसू दिलं नाही. हे तुमच्या जखमेला लागलं असतं तर तुम्ही आजारी पडला असता. फार आजारी.”

आजींनी मला निरखून पाहिलं. चाळीस वर्षं लहान मुलांच्या थापा ऐकलेली बाई, तिला खरं कोणतं ते कळत असणार. मग त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “नवीन कधी आणशील?”

“तपासायला पाच दिवस लागतात.”

“लागू देत,” आजी म्हणाल्या. “मी कुठे चाललेय?”

परतीच्या वाटेवर ते पाकीट मी मांडीवर घेऊन बसले होते. एवढं हलकं मला त्याआधी कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि एवढं ओशाळंही. सगळा माल आम्ही नष्ट केला. चारही तोट्या मी स्वतः खोलून उकळल्या. मंदाने मला ‘मी विचारलेलं’ असं एका शब्दानेही ऐकवलं नाही, त्यामुळे तिला मीच ते म्हणून दाखवलं. ती म्हणाली, पुढल्या वर्षी हळदीकुंकू यंत्राच्या पायांना वाहू, देवाला पाय चालतात. तेव्हापासून पायांनाच वाहतात. पहिली पाटीही चालू आहे, फक्त ती पाच दिवस गोदामात बसून जाते. शेठनी त्यावर तोडगा काढला, की देण्याचा संकल्प दसऱ्याला करायचा, म्हणजे मीठ घरात राहिलं असं होत नाही.

या धंद्यात मी केलेल्या सगळ्याच गोष्टी काही अशा वेळेवर सुधारल्या नाहीत. आमच्या वाइप्समध्ये प्लॅस्टिकचा धागा असतो, तो कुजत नाही. कोलशेतच्या खाडीवर ओहोटीला चिखलात रुतलेली फडकी दिसतात, त्यांतली काही माझ्या हातची असणार. कुजणारं कापड मी शेवटच्या वर्षांत शोधत होते, पण ते महाग पडलं आणि मागे राहिलं. ते आता नव्या मुलींनी करावं. मला ते जमलं नाही, हे मान्य करायला मी आता शिकलेय.

पण त्या पाच दिवसांचं सांगायचं राहिलं. नवा माल काढला, नमुने लावले. मी रोज सकाळी आल्या आल्या कपाट उघडायचे, दुपारी एकदा, निघताना एकदा. उघडून बघितल्याने बशा स्वच्छ राहतात असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, तरी बघायचे. पाचव्या दिवशी सगळ्या बशा कोऱ्या होत्या. मी सही केली आणि एक पाकीट घेऊन स्वतः ठाकुर्लीला गेले.

आजी वाट बघत होत्या. खाटेचा वरचा भाग उचलून त्यांना बसतं केलं होतं. मी पाकीट हातात दिलं तर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि सिस्टरना फोडायला सांगितलं. मी म्हणाले, आजी, नातसुनेला द्यायचं होतं ना.

“तिला दुसरं आण,” आजी म्हणाल्या. त्यांनी आतला पंचा बाहेर काढला, घडी उलगडली आणि माझ्यासमोर धरला. “आधी तू तोंड पूस.”

सिस्टर काही बोलणार होत्या, मी त्यांना हातानेच थांबवलं. बालवाडीतल्या मुलीसारखी मी आजींच्या समोर उभी राहिले आणि सगळं तोंड पुसलं, कपाळ, गाल, डोळे, कानामागे, मान. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडासाठी फडकी बनवली, पण इतक्या नीट मी स्वतःचं कधी पुसलं नव्हतं. आजी एकटक बघत होत्या. माझं झालं तेव्हा त्यांनी मान हलवली, आतला दुसरा पंचा काढून सिस्टरच्या हातात दिला आणि कुशीवर वळून पाठ आमच्याकडे केली.

“आता पुसा,” त्या म्हणाल्या.